समुद्रकिनारी रेस्टॉरंट निवडताना जागेला किती महत्त्व द्यावे?

समुद्रकिनारी पहिल्यांदाच गेलेल्या माणसाची रेस्टॉरंट निवडण्याची पद्धत बहुधा एकच असते: पाणी जिथून सर्वांत जवळ दिसते, तिथे जाऊन बसायचे. ही पद्धत अगदीच चुकीची नाही. परंतु हातात बिल पडल्यावर, किंवा वाऱ्याने गार झालेले ताट पाहून, पुष्कळांच्या लक्षात येते की आपण पैसे मोजले ते दृश्याचे आणि अपेक्षा धरली ती जेवणाची. जागेला महत्त्व आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘आहे, आणि बरेच आहे’ असेच आहे. मात्र जागेवरून अन्नाची चव थेट कळत नाही. ते रेस्टॉरंट कोणाच्या जिवावर चालते, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या की एकदाच येऊन निघून जाणाऱ्याच्या, हे जागा सांगते; आणि ऊन, वारा व भरती आपल्या टेबलाशी कसे वागतील, हेही तीच सांगते. या दोन गोष्टी वाचता आल्या की निवड बरीच सोपी होते. ती कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे.

पायरी १ : आधी वेळ ठरवावी, मग जागा

नकाशा उघडण्यापूर्वी आपण किती वाजता जेवणार आहोत हे ठरवावे, कारण समुद्राच्या दृश्याचे मोल दिवसभर सारखे नसते. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशांत सूर्य मावळल्यानंतर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांत डोळ्यांना नीट दिसेल असा उजेड संपतो. तेथून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावे तसा संधिप्रकाश लांबत जातो. एकदा काळोख झाला की समुद्र म्हणजे काळा पट्टा उरतो, आणि रेस्टॉरंटला काचेची भिंत असेल तर आतल्या दिव्यांमुळे त्या काचेचा आरसा होतो. मी स्वतः एकदा आठवडाभर आधी सांगून रात्री साडेआठचे पाण्याकडेचे टेबल राखून ठेवले होते, आणि दोन तास काचेत स्वतःलाच जेवताना पाहत बसलो होतो. त्या टेबलासाठी वेगळा आकार होता, हे बिलावरून कळले.

म्हणून सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने जेवायला बसणार असाल, तर पहिल्या रांगेतील टेबलासाठी जादा पैसे देण्याचे कारण फारसे उरत नाही. लाटांचा आवाज रात्रीही ऐकू येतो हे खरे. पण जिथे गाणी मोठ्याने लावलेली असतात तिथे तोही हाती लागत नाही. याउलट सूर्यास्त पाहण्यासाठीच जाणार असाल, तर दोन बाबी आधी तपासाव्यात.

पहिली बाब दिशेची. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तरच सूर्य पाण्यात बुडताना दिसतो, आणि पूर्वाभिमुख किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या नावाने टेबल घेणे म्हणजे पाठीमागच्या इमारतींकडे पाहण्याचे भाडे भरणे होय. शिवाय सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो वर्षातून फक्त दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास. एरवी त्याची मावळण्याची जागा सरकत राहते. विषुववृत्तावर ती पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंत जाते, आणि विषुववृत्तापासून दूर गेल्यास त्याहूनही अधिक. त्यामुळे एखाद्या खाडीच्या किंवा डोंगरी टोकाच्या कुशीतल्या रेस्टॉरंटमधून वर्षाच्या एका भागात सूर्य समुद्रात मावळताना दिसतो आणि दुसऱ्या भागात तो टेकडीमागे जातो. जाहिरातीतील छायाचित्र कोणत्या महिन्यातील आहे हे कोणी लिहीत नाही, विचारून घ्यावे.

दुसरी बाब पोहोचण्याच्या वेळेची. हात पूर्ण लांबवून बोटे आडवी धरली असता क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये जितकी बोटे मावतात, त्या प्रत्येक बोटामागे सूर्यास्ताला सुमारे पंधरा मिनिटे उरलेली असतात. चार बोटे म्हणजे जवळपास एक तास. ही ढोबळ रीत आहे, आणि जिथे सूर्य तिरका उतरतो अशा उंच अक्षांशांवर हा वेळ वाढतो. तरीही चालत जावे की रिक्षा-टॅक्सी करावी, एवढे ठरवायला ती पुरते.

पूर्वाभिमुख किनाऱ्यावर मुक्काम असेल तर मात्र निराश होण्याचे कारण नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच पूर्वेला उगवतो, म्हणजे त्या एका संध्याकाळी पूर्वेकडचे टेबल पश्चिमेकडच्या टेबलाइतकेच मोलाचे ठरते, आणि बहुतेकांना ते सुचत नसल्यामुळे सहज मिळते.

पायरी २ : नकाशावर रांगा ओळखाव्यात

आता नकाशा उघडावा. जवळजवळ प्रत्येक पर्यटनाच्या किनाऱ्यावर रेस्टॉरंटांच्या रांगा दिसतात: पाण्याला लागून असलेली पहिली, तिच्या पाठीमागच्या रस्त्यावरची दुसरी, वस्तीच्या आत विखुरलेली तिसरी, आणि मासेमारीचे बंदर असेल तर त्याच्याभोवतीची वेगळीच चौथी. या प्रत्येकीचे अर्थकारण निराळे असते.

पहिल्या रांगेतील जागेचे भाडे सहसा सर्वांत जास्त असते आणि कमाईचे दिवस हंगामापुरते असतात. हे भाडे कुठून तरी वसूल करावेच लागते. ते दरातून येते, ताटातील वाढीच्या आकारातून येते, किंवा स्वयंपाकघरातील माणसांची संख्या कमी ठेवून येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे बसणारा माणूस दृश्य पाहून आत आलेला असतो आणि चार दिवसांनी आपल्या गावी परत जाणार असतो. त्याला जेवण आवडले नाही तरी रेस्टॉरंटचे गिऱ्हाईक तुटत नाही, कारण तो पुन्हा येणारच नव्हता. तिसऱ्या रांगेतील रेस्टॉरंटला ही सोय नसते. तिथे दृश्य नाही, वाट वाकडी करून यावे लागते, आणि हंगाम संपल्यावरही भट्टी पेटती ठेवायची असेल तर आसपास राहणाऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा यावेसे वाटले पाहिजे. त्यामुळे स्वयंपाक सांभाळण्याचे कारण तिथे अधिक असते.

हा नियम नाही, कल आहे, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या रांगेतील जागा पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या मालकीची असेल तर भाड्याचे ओझेच नसते, आणि अशी रेस्टॉरंटे कधी कधी सगळ्या किनाऱ्यावर उत्तम निघतात. उलट, आतल्या गल्लीतील प्रत्येक खानावळ गुपित रत्न असते हा समज पर्यटकांनीच पसरवला आहे. त्यांच्यातील कित्येक नुसत्या स्वस्त असतात.

पहिल्या रांगेतील रेस्टॉरंटे एकमेकांना खेटून का उभी असतात आणि त्यांची मेन्यूकार्डे एकसारखी का दिसतात, याचेही उत्तर जागेतच आहे. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवून दिले की एका रेषेवर गिऱ्हाईक पसरलेले असेल आणि ते जवळच्या दुकानात जाणार असेल, तर दोन विक्रेते एकमेकांपासून दूर राहण्याऐवजी मध्याकडे सरकत सरकत शेजारी येऊन बसतात. पाठ्यपुस्तकांत हे तत्त्व पुळणीवरील दोन आइसक्रीमवाल्यांच्या उदाहरणाने समजावतात: एकाने थोडे मध्याकडे सरकून दुसऱ्याचे गिऱ्हाईक घ्यायचे, मग दुसऱ्यानेही तेच करायचे, आणि शेवटी दोघांच्या गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या. मालाच्या बाबतीतही तसेच होते. कोणीच वेगळे करण्याचे धाडस करत नाही. नवख्या माणसाने यातून घ्यायचा बोध व्यवहारी आहे. मुख्य प्रवेशमार्गाच्या तोंडाशी असलेल्या दहा रेस्टॉरंटांमध्ये तुलना करण्यात वेळ घालवू नये, कारण त्यांच्यातील फरक थोडा असतो; किनाऱ्याच्या टोकांकडे पाच-दहा मिनिटे चालत गेले तर निवड खरोखर बदलते.

मात्र ही पाच-दहा मिनिटे नकाशावरून मोजताना फसगत होते. सपाट रस्त्यावर माणूस मिनिटाला साधारण ऐंशी मीटर चालतो, पण मऊ कोरड्या वाळूत तेवढ्याच वेगाने चालायला दुपटीहून अधिक शक्ती लागते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या ओल्या, टणक वाळूवरून तेच अंतर सहज कापता येते. नकाशावर दोनशे मीटरवर दिसणारे रेस्टॉरंट मधल्या खाडीमुळे, कुंपणामुळे किंवा वाळूच्या टेकड्यांमुळे प्रत्यक्षात दीड किलोमीटर लांब निघू शकते, म्हणून सरळ रेषेतील अंतरापेक्षा चालण्याचा मार्ग काढून पाहावा आणि उपग्रहचित्रावर तो कुठून जातो हे डोळ्यांखालून घालावे. सोबत वयस्कर माणसे, लहान मुले किंवा चाकाची खुर्ची असेल तर वाळूतून जावे लागते का, पायऱ्या किती आहेत आणि स्वच्छतागृह त्याच आवारात आहे का, हे फोन करून विचारणे हा एकच भरवशाचा मार्ग आहे. जाताना उजेड असतो आणि परतताना नसतो, हेही त्याच वेळी आठवावे.

पायरी ३ : वारा, ऊन आणि भरती लक्षात घेऊन टेबल निवडावे

रेस्टॉरंट ठरले तरी टेबल ठरायचे असते, आणि समुद्राकाठी टेबलाची जागा ही रेस्टॉरंटच्या जागेइतकीच परिणाम करते.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. निरभ्र दिवशी ते दुपारपूर्वी सुरू होतात, दुपारनंतर सर्वांत जोरात असतात आणि संध्याकाळी मंदावतात. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारे वाहतात. ते सहसा खाऱ्या वाऱ्यांपेक्षा हलके असतात. शाळेच्या भूगोलात पाठ केलेला हा धडा जेवणाच्या टेबलावर असा उपयोगी पडतो: दुपारी पाण्याला सर्वांत जवळचे टेबल म्हणजे थेट वाऱ्यात बसणे, आणि वाऱ्यात गरम पदार्थ काही मिनिटांत कोमट होतो, कागदी रुमाल उडतात, वाळूचे कण दाताखाली येतात. अशा वेळी एक रांग मागे, भिंतीच्या किंवा काचेच्या आडोशाला बसावे. उघड्या भट्टीवर भाजणे चालू असेल तर दुपारी तिचा धूर जमिनीच्या बाजूच्या टेबलांवर जातो आणि रात्री पाण्याच्या बाजूच्या. दोन्ही वाऱ्यांच्या मधल्या काळात, म्हणजे नेमके सूर्यास्ताच्या आसपास, हवा पडते आणि डास येतात. टेबल ज्यासाठी घेतले त्याच वेळेला हा उपद्रव होतो, म्हणून अंगभर कपडे असावेत.

दुपारच्या उन्हाबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छत्रीखाली बसले म्हणजे ऊन लागत नाही असे नाही, कारण अतिनील किरण वाळूवरून आणि पाण्यावरूनही परावर्तित होतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो. तासाभराच्या जेवणासाठी पक्क्या छपराखालचे, थोडे आतले टेबल अधिक सोयीचे असते.

भरतीचा विचार सहसा कोणी करत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन वेळा भरती येते, दोन भरतींमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, आणि म्हणून भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल संध्याकाळी सहाला टेबलापाशी लाटा खेळत होत्या म्हणून आजही त्याच वेळी खेळतील असे नाही. उथळ उताराच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे जाते आणि ‘समुद्राकाठचे’ टेबल चिखलाच्या काठचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वाधिक वर चढते आणि ओहोटीही सर्वाधिक खाली जाते. वाळूवर मांडलेल्या खुर्च्या त्या दिवसांत मागे घ्याव्या लागतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. भरती-ओहोटीचे तक्ते सहज उपलब्ध असतात, ते पाहायला एक मिनिट पुरते. पुळणीवरून चालत परत यायचे असेल तर हा तक्ता पाहणे हौसेचे राहत नाही, सुरक्षिततेचे होते, कारण चढत्या पाण्याने परतीची वाट बंद होऊ शकते.

पायरी ४ : समुद्र दिसतो म्हणून मासा ताजा असतो असे मानू नये

हा सर्वांत मोठा आणि सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. आपल्या टेबलावरून दिसणाऱ्या पाण्यातला मासा आपल्या ताटात येत नाही. होड्या बंदराला किंवा धक्क्याला लागतात, तिथे मासळी उतरते, बर्फात जाते, लिलाव होतो आणि मग ती बाजारात जाते. पोहण्याच्या पुळणीवर हे काहीच घडत नाही. म्हणून माशांसाठी जागा पाहायचीच असेल तर ती बंदराच्या संदर्भात पाहावी. बंदराजवळचे, पण दृश्य नसलेले रेस्टॉरंट माशांच्या बाबतीत पुळणीवरच्या रेस्टॉरंटपेक्षा बहुधा वरचढ असते. तसे असले तरी बंदराच्या अंतराहून मासा किती थंड ठेवला गेला हे अधिक महत्त्वाचे ठरते. नीट बर्फात दोन दिवस राहिलेला मासा उन्हात चार तास पडलेल्या माशापेक्षा चांगला असतो.

यामागे कारण आहे. टूना, बांगडा यांसारख्या माशांचे मांस गरम हवेत राहिले की त्यात जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवून, तळून किंवा भाजून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, अंगावर पुरळ येणे, डोके दुखणे अशी लक्षणे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूत्रांत नाशवंत अन्न पाच अंश सेल्सियसच्या खाली थंड ठेवावे, गरम वाढायचे अन्न साठ अंशांच्या वर ठेवावे आणि शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असे सांगितले आहे. दर्शनी भागात माशांची मांडणी असेल तर तिच्याकडे या नजरेने पाहावे: मासे बर्फाच्या वर नुसते ठेवले आहेत की बर्फात रुतवले आहेत, वितळलेले पाणी वाहून जाते की मासे त्यातच तरंगत आहेत, आणि मांडणीवर ऊन येते का.

मासा निवडून घ्यायची सोय असेल तर डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, मांस बोटाने दाबल्यावर परत वर येणारे आणि वास समुद्रासारखा सौम्य असावा. डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी आणि वास अमोनियासारखा उग्र असेल तर दुसरे काहीतरी मागवावे. वजन आणि दर आपल्यासमोर ठरवून घ्यावा. मेन्यूत दराच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असेल तर तो भाव विचारण्यात संकोच करू नये, कारण तो विचारला जाणार हे गृहीत धरूनच तसे लिहिलेले असते.

गोठवलेल्या माशाकडे मात्र उगाच नाक मुरडू नये. कच्चा वाढायचा मासा परजीवी मरावेत म्हणून आधी गोठवण्याची शिफारस असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात उणे वीस अंश सेल्सियसला सात दिवस ही एक रीत दिलेली आहे. वादळी हवामानात होड्या बाहेर पडत नाहीत. सलग तीन दिवस समुद्र खवळलेला असताना ‘आजचाच मासा’ असा फलक दिसला, तर गोठवलेला आहे असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये जावे.

पायरी ५ : अभिप्राय वाचताना जागा वजा करावी

इंटरनेटवरील तारे दृश्याला आणि जेवणाला एकत्रच दिले जातात. सूर्यास्त सुंदर झाला की लोक पाचपैकी पाच देतात, आणि त्यात स्वयंपाक्याचा वाटा किती हे कळत नाही. त्यामुळे आकड्याकडे न पाहता मजकूर वाचावा, आणि ज्यात एखाद्या पदार्थाबद्दल नेमके काही लिहिले आहे तेवढेच अभिप्राय धरावेत. हंगाम नसतानाचे अभिप्राय त्यातल्या त्यात विश्वसनीय असतात. आतल्या गल्लीतील रेस्टॉरंटला दृश्य नसतानाही चांगले तारे मिळालेले असतील, तर ते जवळजवळ सर्वस्वी जेवणाचे आहेत असे समजायला हरकत नाही.

पायरी ६ : बसण्यापूर्वी एकदा समोरून चालत जावे

शक्य असल्यास जेवणाच्या आधी, दिवसाउजेडी, निवडलेल्या दोन-तीन ठिकाणांसमोरून फेरी मारावी. मेन्यू किती लांब आहे हे पाहावे. लहान स्वयंपाकघर आणि शंभर पदार्थ यांचा मेळ बसत नाही. दारात उभे राहून आग्रहाने बोलावणारा माणूस असेल तर ते रेस्टॉरंट वाटसरूंवर चालते एवढे निश्चित. आत बसलेल्यांकडेही पाहावे: ते मेन्यू न उघडता मागवत असतील, वाढणाऱ्याला नावाने हाक मारत असतील, तर ते परत येणारे लोक आहेत.

एवढे करूनही मन दृश्य आणि जेवण यांत अडकले असेल, तर संध्याकाळ दोन भागांत वाटावी. सूर्यास्ताच्या तासभर आधी पहिल्या रांगेत बसून फक्त पेय आणि एखादा लहान पदार्थ घ्यावा, उजेड सरेपर्यंत तिथेच रमावे, आणि मग उठून आतल्या रांगेतील किंवा बंदराजवळच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे. पाण्याकाठी बसण्यासाठी किमान रकमेची अट आहे का, हे बसण्यापूर्वी विचारावे. आणि आतल्या ठिकाणी शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, हे दुपारीच फोन करून विचारून घ्यावे, कारण स्थानिक गिऱ्हाइकावर चालणारी स्वयंपाकघरे पर्यटकांच्या मानाने लवकर बंद होऊ शकतात.